रेघ आधी, अक्षरं मागनं

मायाप्पाला मी अरेतुरे करते. खानापूरजवळच्या आमच्या गावात तो माझ्या धाकट्या भावाबरोबर चौथीपर्यंत शिकला, तेवढा हक्क मला आहे. तो मला ‘बाई’ म्हणतो, ‘तुम्ही’ म्हणतो, चहाचा कप दोन्ही हातांनी घेतो आणि माझं एकही ऐकत नाही.

बेळगावात ख्रिस्ती दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याची पत्र्याची शेड आहे. बाहेर काळ्या दगडाच्या पाट्या भिंतीला टेकून उभ्या असतात. एकीवर क्रूस, दुसरीवर चंद्रकोर, तिसरी कुठल्याशा विहाराच्या उद्घाटनाची, चौथीवर टिळकवाडीतल्या एखाद्या बंगल्याचं नाव. मराठी, कन्नड, इंग्रजी, जे हवं ते तो कोरून देतो. मशीनवर अक्षरं कापून देणारी दोन दुकानं त्याच रस्त्याला आली, तरी हा आपला छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला. साठी कधीच उलटली आहे, पण हात थरथरत नाही.

“माझ्या हातनं सगळे देव गेल्यात बाई,” तो म्हणतो, “पर एकानं बी कधी चूक काढली न्हाय. चुका काढायला फकस्त तुम्ही.”

खरं आहे. चौतीस वर्षं मी हायस्कुलात मराठी शिकवलं आणि आता टिळकवाडीत राहून अख्ख्या शहराला शिकवते. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्वाचं दीर्घ दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी आत जाऊन सांगते. भाजीवाले मला लांबून ओळखतात आणि फळा उलटा करून ठेवतात.

मायाप्पाची पहिली चूक मी काढली ती घरचीच होती. माझं सासरही त्याच गावातलं; सासरे गुंडूआप्पा गेले, तेव्हा गावच्या शाळेत त्यांच्या नावानं पाण्याची टाकी बांधली आणि तिची पाटी मायाप्पाला सांगितली. ‘देवाघरी गेले’ असा साधा मजकूर. पाटी आली, टाकीला बसली, सगळा गाव जमला आणि सासूबाईंनी, म्हणजे नागुबाईंनी, बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, “गुंडूआप्पा देवा घरी गेले.” मग त्या थांबल्या. “देवा! घरी गेले? कुठल्या घरी?”

आता पंचाईत अशी की सासऱ्यांचं लोंढ्याला आणखी एक ‘घर’ होतं. लाकडाच्या कामाला म्हणून ते दर शनिवारी लोंढ्याला जायचे, हे गावाला ठाऊक होतं आणि गावात कुणी ते बोलत नव्हतं. त्या दिवशी निम्म्या बायका तोंडाला पदर लावून मागं सरल्या. दोष सगळा एका फटीचा होता. ‘देवा’ आणि ‘घरी’ यांच्या डोक्यावरची रेघ मायाप्पानं बोटभर सोडली होती. मी जे बोलायचं ते बोलले. त्यानं मुकाट्यानं पिशवीतून छिन्नी काढली, टाकीवरच बसून मधली रेघ जोडली आणि पाव तासात सासरे लोंढ्याहून देवाघरी पोचले.

त्या दिवसापासून मराठी मजकूर असला की तो मला दाखवल्याशिवाय दगडाला हात लावत नाही. आणि एक गोष्ट तो तेव्हाच म्हणाला होता, ती लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. “बाई, सुटलेली रेघ मागनं जोडता येती. पर एकदा का जोडली, की दगडावरनं ती पुसता येत न्हाय.”

ही रेघ त्याला शिकवली ती शांतवन मास्तरांनी.

शांतवन मास्तर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मराठी ख्रिस्ती माणूस, पांढरा शर्ट, शर्टाला कायम खडूची पावडर. त्यांचे वडील मामलेदार कचेरीत जुनी मोडी दप्तरं लावायचे. त्यामुळे मास्तरांच्या हातात मोडीचं वळण बसलेलं. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ मारतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात, शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्यानं बघायचं. मास्तर बाळबोध लिहितानाही तसंच करायचे. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतात एक रेघ, आणि खाली अक्षरं सगळी सारख्या अंतरावर, कवायतीला उभी केल्यासारखी. दिसायला देखणं, वाचायला संकट.

मुलं ते बघून मराठीच्या पेपरातही तशीच लिहायची. मी मार्क कापायची. स्टाफरूममध्ये आमची यावरून दर सहामाहीला जुंपायची.

“मास्तर, शब्द तोडून लिहायला शिकवा पोरांना.”

“बाई, तोडायला तुम्ही हायसा की. मी जोडायचं बगतो.”

मायाप्पा तेव्हा विशीतला. खाणीवर दगड फोडायचा. शाळेच्या पायऱ्यांचं काम करायला आलेला असताना मास्तरांनी त्याला फरशीच्या तुकड्यावर स्वतःचं नाव कोरताना बघितलं. अक्षरं वरखाली नाचत होती. मास्तर त्याच्या शेजारी मातीत बसले आणि म्हणाले, “आधी रेघ मार रं. रेघ आधी, अक्षरं मागनं. रेघ सरळ असली की अक्षरास्नी उभं ऱ्हायाला आधार मिळतोय.” पुढची दोन वर्षं दर रविवारी उपासना आटोपली की मास्तर खाणीकडे जायचे आणि त्याला मराठी, इंग्रजी वळणं घोटून द्यायचे. दगडफोड्याचा पाथरवट तिथं झाला. मायाप्पा हे सगळ्यांना सांगतो.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मास्तर गेले. पंच्याऐंशी वर्षांचे होते, झोपेत गेले. दगड मायाप्पानंच करायचा, यात विचारायचं काही नव्हतं. पण मातीचा ढिगारा नीट बसेपर्यंत दगड बसवत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षाच्या प्रार्थनेला बसवायचा असं ठरलं.

मास्तरांना दोन मुलं, दोघंही माझ्या हाताखालून गेलेली. थोरला इम्मानुएल कोर्टात शिरस्तेदार आहे. धाकटी रूथ निपाणीच्या एका दवाखान्यात नर्स. इम्मानुएल बापाच्याच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जातो, पहिल्या बाकावर बसतो. रूथ चार वर्षांपासून निपाणीतल्या एका लहानशा मंडळीत जायला लागली. ती मंडळी घरातच जमतात, बायबलमधली वचनं वाचतात आणि मानतात की येशू देवाचा पुत्र आहे, देवानं पाठवलेला आहे, पण स्वतः देव नाही. मास्तर असेपर्यंत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याचा बाऊ केला नाही.

नाताळच्या दिवशी सगळे जमले. मास्तरांची प्रार्थनेची वही उघडली आणि आतून एक चिठ्ठी पडली. वर लिहिलं होतं, ‘माझ्या दगडावर एवढंच’. आणि खाली, एका सलग रेघेखाली, मास्तरांच्या त्या कवायतीतल्या अक्षरांत:

प्रभुयेशूदेवपुत्रमाझातारणारा

इम्मानुएलनं वाचलं, “प्रभु येशू देव, पुत्र, माझा तारणारा.”

रूथनं वाचलं, “प्रभु येशू देवपुत्र, माझा तारणारा.”

झालं. तसं बघायला गेलं तर ‘देवपुत्र’ या शब्दाला इम्मानुएलची कधीच ना नव्हती. त्याच्या देवळात रोज म्हणतात. पण बहिणीनं तोच शब्द धरून “बघ, बाबांनी बी पुत्रच म्हटलंय, देव न्हाय म्हटलेलं,” असं म्हटल्यावर त्याच्यातला शिरस्तेदार जागा झाला. बोलता बोलता तो बोलून गेला, “देव न्हाय म्हणतीस, मग त्याच्या वाढदिवसाची करंजी कशाला खातीस?”

रूथच्या हातात अर्धी खाल्लेली करंजी होती. तिनं ती ताटात ठेवली, पर्स उचलली आणि दुपारच्या बसनं निपाणीला गेली. त्यानंतर दोघं बोलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या पत्नी अक्काताई रिक्षा करून मायाप्पाच्या शेडमध्ये आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, आधाराला काठी. म्हणाल्या, “मायाप्पा, दगड कर. पर माझी दोन्ही लेकरं एका जागी उभी ऱ्हाऊन वाचतील असा कर. एक आलं आणि एक न्हाय आलं, तर मी येणार न्हाय. आणि मी न्हाय आले तर तो दगड बसवायचा न्हाय. ढिगारा बरा.” चहासुद्धा न घेता त्या गेल्या.

मायाप्पा त्या दिवशी संध्याकाळी माझ्या घरी आला. एवढा घाबरलेला मी त्याला कधी बघितला नव्हता. आईबापाचे दगड त्यानं केले नाहीत, कारण त्याचा बाप गेला तेव्हा दगड करायची ऐपत नव्हती आणि आई सोनुबाई अजून ठणठणीत आहे. मास्तरांचा दगड हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात जवळचा दगड होता आणि तोच बसेना.

“बोलवू दोघांना,” मी म्हटलं. “मी आहे ना.” माझा आत्मविश्वास दांडगा असतो.

जानेवारीतल्या एका रविवारी त्यानं दोघांना एकाच वेळेला शेडवर बोलावलं, दुसरं येतंय हे कुणालाच न सांगता. मी भिंग आणि पट्टी घेऊन आधीच जाऊन बसले होते. खाणीवरून दगड आणणारा टेंपोवाला जोतिबा, आमच्याच गावचा शेतकरी, बाकड्यावर तंबाखू मळत होता. इम्मानुएल स्कूटरवरून आला, रूथ स्टँडवरून रिक्षानं आली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही मायाप्पाकडे असं बघितलं की तो उगाच एका पाटीवरची धूळ पुसायला लागला.

“बाई, तुम्ही व्याकरणाच्या,” इम्मानुएल म्हणाला. “सांगा, हितं ‘देव’ शब्द संपतोय का न्हाय?”

मी चिठ्ठीवर भिंग धरलं. ‘शू’ आणि ‘दे’ यांच्यातलं अंतर मोजलं. ‘व’ आणि ‘पु’ यांच्यातलं मोजलं. ‘त्र’ आणि ‘मा’ यांच्यातलं मोजलं. वर्षानुवर्षं ज्या माणसाशी भांडले, त्यानं मरूनही मला दाद दिली नव्हती. सगळीकडे अंतर सारखं. केसाचाही फरक नाही.

“कळत नाही,” मी म्हटलं. माझ्या तोंडून हे शब्द शाळेत कुणी ऐकले नसतील.

“मग रेघ जोडा,” रूथ म्हणाली. “बाबांनी देवपुत्रच लिवलंय. पुत्र म्हंजे पुत्र. पाठवणारा येगळा, आलेला येगळा. अण्णा, मी येशूला कमी लेखत न्हाय रं. सकाळ-संध्याकाळ त्याच्या नावानं मागते. पर मागते कुणाकडं? बापाकडं. त्यानंच तसं शिकवलंय.”

“आणि मी काय बापाला सोडलंय?” इम्मानुएल म्हणाला. “बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. तो देव नसता तर माझं पाप त्यानं कसं उचललं असतं? माणसाच्यानं उचलतंय का ते? तू पुत्राला दाराभाईर उभा केलायस.”

“तीन मिळून एक, हे कुठलं गणित?”

“गणित न्हवंच ते!”

तेवढ्यात जोतिबानं तंबाखू तोंडात टाकली आणि विचारलं, “मी काय म्हणतो, म्हशीच्या पोटी रेडकूच येतंय न्हवं? करडू येत न्हाय. मग देवाच्या पोटी देवच येणार की. भांडायचं काय त्यात?”

इम्मानुएलचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. जे देवळातल्या पाळकसाहेबांना सहा उपदेशांत सांगता आलं नव्हतं ते या टेंपोवाल्यानं एका म्हशीत सांगितलं होतं. पण रूथ नर्स आहे, तिला पटकन कुणी हरवत नाही.

“जोतिबामामा, आमदाराचा पोरगा आमदार असतोय का?”

“असतोय की!” जोतिबा म्हणाला. “आमच्या भागात दुसरं कोण असतंय?”

सगळे हसले. रूथसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. मग तिला दिसलं की अण्णाही हसतोय, तशी ती गप्प झाली. तोही झाला. मला त्या क्षणी दोघांना बाकावर उभं करावंसं वाटलं.

शेवटी मी माझी युक्ती काढली. “हे बघा, तो एक शब्दच काढून टाकू. ‘प्रभु येशू माझा तारणारा.’ दोघांनाही मान्य, व्याकरणशुद्ध, दगडही लहान लागेल.”

दोघं विचार करायला लागले. इम्मानुएल मान हलवणार एवढ्यात मायाप्पा पहिल्यांदा बोलला. “न्हाय बाई. तुमच्यातलं भांडान मिटवायला मास्तरांच्या तोंडातला शब्द काढायचा? त्यास्नी एवढंच लिवायचं हुतं. एवढंच लिवायचं.”

थोड्या वेळानं इम्मानुएलनं स्कूटर सुरू केली. रूथनं रिक्षा थांबवली. जाताना ती मायाप्पाला म्हणाली, “मामा, रेघ तोडलीसा तर मी येणार न्हाय.” आणि इम्मानुएल आधीच म्हणून गेला होता, “जोडलीस तर मी येणार न्हाय.”

माझा अगदी विरस झाला. भिंग पर्समध्ये टाकून मी उठणार, तर शेडच्या मागून, मायाप्पाच्या घरातून, आवाज आले. त्याचा मुलगा बुद्धप्रिय निपाणीच्या कॉलेजात शिकवतो, रविवारी घरी येतो. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीसमोर सोनुबाईनं वाटीत साखर ठेवली होती आणि बुद्धप्रिय तिला समजावत होता.

“आजे, कितींदा सांगू? बुद्ध देव न्हवंत. माणूस हुते. त्यांनी वाट दाखवली. त्यास्नी नैवेद्य दावायचा नसतोय.”

“व्हय बाबा, माणूस हुते,” सोनुबाई म्हणाली. “म्हणून तर ठेवलीया. देवाला कशाला लागती साखर? माणूस घरात आला तर त्याला चा-साखर नको व्हय?”

बुद्धप्रियनं कपाळावर हात मारला. मग त्यानं वाटी उचलली आणि चमचाभर साखर स्वतःच्या तोंडात टाकली.

“बगा बाई,” मायाप्पा म्हणाला, “ह्ये रोजचं हाय. तो आला की सांगतोय, ती तरी ठेवती, आणि साखर शेवटाला तोच खातोय.” आणि तो एकटाच बराच वेळ हसला. मला त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शेडमधून छिन्नीचा आवाज यायला लागला, आणि मी गेले की तो दगडावर गोणपाट टाकायचा. टाकीच्या त्या पाटीनंतर त्यानं मराठी मजकूर मला न दाखवता कोरलेला हा पहिलाच दगड. माझा जीव तीळ तीळ तुटत होता, पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं नसतं, ते वेगळंच.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊला प्रार्थना होती. मायाप्पा आणि जोतिबानं आदल्या दिवशीच दगड उभा करून ठेवला होता, गोणपाटात गुंडाळलेला. अक्काताई फाटकाबाहेर रिक्षातच बसून होत्या. “दोघं आली का?” त्या दर दोन मिनिटांनी विचारत होत्या. इम्मानुएल आला होता. त्याच्या हातात स्टीलचा डबा होता, तो या हातातून त्या हातात करत होता. सव्वानऊ झाले. पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं. इम्मानुएलनं तीनदा फाटकाकडे बघितलं आणि प्रत्येक वेळी चष्मा पुसायचं निमित्त केलं. मायाप्पाच्या कपाळावर फेब्रुवारीत घाम होता.

नऊ वाजून वीस मिनिटांनी रूथ आली. निपाणीची बस वाटेत बंद पडली होती. तिनं आईला रिक्षातून उतरवलं, हात धरून आत आणलं आणि मग भावापासून दोन कबरी सोडून उभी राहिली.

मायाप्पानं गोणपाट काढलं.

दगडावर एकच रेघ होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुठेही न सुटलेली, सुतात धरल्यासारखी सरळ. आणि तिच्याखाली मास्तरांचंच वळण, मास्तरांचीच अंतरं, चिठ्ठीवर होती तशी, फक्त आकारानं मोठी. प्रभुयेशूदेवपुत्रमाझातारणारा. पहिल्यांदा मला वाटलं मास्तरच येऊन फळ्यावर लिहून गेले. मग लक्षात आलं की हा दगड आहे, आणि रेघ पुरी कापलेली आहे.

“मायाप्पा,” इम्मानुएल म्हणाला, “ही रेघ…”

“मास्तरांची हाय. मी मारलेली न्हाय, उतरवलीया.”

“पर ‘देव’च्या पुढं जोडलीस की.”

“जोडली. ‘येशू’च्या पुढं बी जोडली. ‘पुत्र’च्या पुढं बी जोडली. सगळीकडं जोडली. मास्तरांनी कुठंच तोडली न्हवती, तर मी कोण तोडणार?”

“आता काढता येईल?” रूथनं विचारलं.

“न्हाय,” मायाप्पा म्हणाला. तो हे अगदी हळू म्हणाला आणि खाली बघत उभा राहिला.

मला हे सांगायला हवं की मला त्याचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. त्यानं दोघांपैकी कुणाचंच ऐकलं नव्हतं. दोघंही आत्ता वळून गेली असती तर मास्तरांच्या डोक्याशी तो दगड कुणाशिवाय उभा राहिला असता.

अक्काताई काठी टेकत पुढं गेल्या. दगडाला हात लावला. रेघेच्या डाव्या कडेला बोट ठेवलं आणि हळूहळू उजवीकडे नेलं. बोट कुठेच अडलं नाही.

“मला दिसत न्हाय,” त्या म्हणाल्या. “वाचा.”

इम्मानुएलनं सुरुवात केली. ‘देव’वर थांबला, दम घेतला. तेवढ्यात रूथनं आपलं सुरू केलं, न थांबता.

“एकदम वाचा,” अक्काताई म्हणाल्या. “दोन दोनदा ऐकायला मला येळ न्हाय.”

दोघांना एकदम वाचायचं तर एकमेकांकडे बघावं लागतं. शाळेत समूहगानाला मी हेच सांगायची, तोंडाकडे बघा. रूथ दोन कबरी ओलांडून जवळ आली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि वाचलं. मधल्या शब्दावर दोघं मागंपुढं झाली. त्यानं किंचित थांबा घेतला, तिनं घेतला नाही. पण ‘माझा तारणारा’ला दोघं बरोबर आली, एका सुरात. ‘माझा’ म्हणताना तर दोघांचाही आवाज फुटला. नाताळपासून ती दोघं एका शब्दावरून भांडत होती आणि या ‘माझा’वरून त्यांचं कधीच भांडण नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. भिंग घेऊन बसले होते तेव्हा आलं नव्हतं.

अक्काताईंनी डोळे पुसले. “ह्येंचा आवाज ऐकल्यावानी झालं,” त्या म्हणाल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. ती ‘देवपुत्र येशूच्या नावानं’ संपली आणि दोघांनीही आमेन म्हटलं.

मायाप्पा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. “किती मार्क, बाई?”

याच रेघेसाठी मी किती पोरांचे मार्क कापले, त्याची गणती नाही. त्याच्या बुद्धप्रियचेही कापले होते.

“पैकीच्या पैकी देत नसते मी,” मी म्हटलं. “‘णा’ जरा तिरका आलाय.”

“त्यो मास्तरांचा बी तिरकाच यायचा,” तो म्हणाला आणि डोळे पुसायला पलीकडे वळला.

लोक पांगायला लागले. इम्मानुएल अजून डबा धरूनच उभा होता. मग त्यानं झाकण काढलं आणि डबा बहिणीपुढं धरला. आत करंज्या होत्या. घरी त्याची बायको नाताळलाच करते, फेब्रुवारीत नाही. म्हणजे या सांगून करून घेतलेल्या होत्या.

रूथनं डब्याकडे बघितलं, मग भावाकडे.

“अण्णा, मी अजून बी तेच म्हणती. देव न्हाय म्हणती.”

“ठावं हाय,” इम्मानुएल म्हणाला. “खा.”